फुकटची फौज आणि चाळीस पानं

प्रश्न : आवडत्या व्हिडिओ गेमवर आम्ही मित्रमंडळी हौसेनं फॅन फिल्म करतोय. पटकथा चाळीस पानांची झालीय, माणसं मात्र गळताहेत. काय करावं?

उत्तर : आधी पानं गाळा! चाळीस पानं म्हणजे अंदाजे चाळीस मिनिटं. फुकट राबणारी माणसं इतकी तग धरत नाहीत. ‘पोर्टल’ या गेमवरची ‘नो एस्केप’ (२०११) सातेक मिनिटांचीच आहे, मोठा भाग एका कोठडीत. पात्रांची चिलखतं नंतर शिवा, आधी आवाज नीट टिपणारा माणूस गाठा. चित्र थोडं धूसर खपतं, संवाद कळला नाही की प्रेक्षक उठतो. गेम कंपनीची चाहत्यांसाठीची नियमावली वाचा. बऱ्याच कंपन्या विनानफा फिल्म चालवून घेतात, वर्गणी काढलीत की भुवया उंचावतात. आणि चित्रण वापरायला प्रत्येकाची लेखी संमती घ्या, जिवलग असला तरी. नायक एडिटिंगच्या वेळी रुसला, तर सगळंच अडेल.