मुंबईत गॅलरीतल्या कुंडीत ट्युलिप फुलतात का? आणि तेच कंद पुढच्या वर्षी चालतात का?

फुलतात. मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या ग्रिलमध्ये माझ्याकडे फुललीत. पण आधी सफरचंदांचं सांगते, कारण तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

पहिल्या वर्षी १० कंद मागवले. ट्युलिपला १२ ते १६ आठवडे थंडी लागते, ५ अंशांच्या आसपासची. मुंबईच्या हिवाळ्याकडून ती मिळायची नाही, म्हणजे फ्रिज आला. सप्टेंबरअखेर कागदी पिशवीत घालून भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले. मग मार्गशीर्ष लागला. गुरुवारच्या पूजेला पाच फळं हवीत म्हणून आमचे हे दोन-दोन किलो सफरचंदं आणून त्याच ट्रेमध्ये ओतायचे. मी दोनदा बोलले. तर म्हणे, "कंद काय सफरचंदं खाणार आहेत?"

खात नाहीत हो. पण पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते. जानेवारीत लावले, पानं आली सुरेख, रुंद, निळसर हिरवी. बोटाने बाजूला करून बघितलं तर मधे भाताच्या पोचट दाण्यासारखी वाळकी, कागदी कळी. दहाच्या दहा तशाच. त्यावर घरचं निदान काय, तर "तुझ्या हाताला गुण नाही." सासूबाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या वर्षी फळं टोपलीत, ओट्यावर. १० पैकी ६ फुलली! दांडे आखूड राहिले, दुपारच्या उकाड्यात फूल उलगडून पार बशी व्हायचं आणि चौथ्या दिवशी पाकळ्या गळल्या. पण हात तोच होता ना? ह्यांचं म्हणणं, यंदा थंडी जास्त पडली.

कुंडीत वाळू घाला, पाणी साचलं की कंद कुजतो. ऊन सकाळचंच द्या. पुढच्या वर्षीचं म्हणाल तर कंद सरळ टाकून द्या. आपल्याकडे कंद पुन्हा भरायच्या आत पानं करपतात. श्रीनगरच्या बागेचे फोटो बघून हुरळू नका, तिथे हिवाळाभर जमीन गारठलेली असते. खर्च परवडत नसेल तर निशिगंध लावा, तो मुंबईत फारसे लाड न करता येतो.

आणि हो, कंद कांद्यासारखेच दिसतात, पण पोटात गेले तर त्रास होतो. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मी त्याखाली "सफरचंदं इथे नाहीत" असंही लिहिलंय. तरी गेल्या गुरुवारी दोन सापडलीच.