प्रश्न तुमचे: अल्मेरियाची कोरडी भूमी

प्रश्न: स्पेनमधील अल्मेरिया प्रांत समुद्रालगत असूनही इतका कोरडा का, आणि तेथील वस्ती पाण्यावाचून कशी वाढली?

उत्तर: स्पेनच्या आग्नेय टोकावरील या प्रांतात अटलांटिककडून येणारे पावसाळी वारे पोहोचण्यापूर्वीच सिएरा नेवाडाच्या सुमारे ३,४८० मीटर उंचीच्या रांगेवर आपले बहुतेक पाणी सांडून मोकळे होतात. त्यामुळे ताबेर्नासच्या खोऱ्यात वर्षाला जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही पुष्कळदा एखाद-दुसऱ्या जोरदार सरीतच. अशा सरींनी मऊ माती कापून तेथे घळींचा मुलूख तयार केला आहे.

जुनी गावे साहजिकच झऱ्यांच्या आणि नदीखोऱ्यांच्या आश्रयाने वसली. आल्पुहार्रा डोंगरात मुस्लिम राजवटीपासूनचे पाट काही ठिकाणी आजही वाहतात. किनाऱ्यावरचा दालियासचा सपाट पट्टा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी ओसाडच होता. पुढे सरकारी वसाहत योजनेतून विहिरी खोदल्या गेल्या, डोंगरातील कुटुंबे खाली उतरली आणि १९६० च्या दशकात प्लॅस्टिकची हरितगृहे उभी राहू लागली; आज या प्रांतात त्यांचे क्षेत्र ३०,००० हेक्टरांहून अधिक आहे. याच शेतीवर वाढलेले एल एहिदो हे शहर १९८२ मध्ये दालियासच्या नगरपालिकेपासून वेगळे झाले.

या भरभराटीचे कौतुक करताना हात आखडता घ्यावासा वाटतो, कारण बेसुमार उपशाने भूजल खालावले, किनाऱ्याजवळ ते खारावले, आणि मोरोक्कोसह आफ्रिकेतून आलेले अनेक मजूर, ज्यांच्या श्रमावर ही शेती चालते, अजूनही शेतांलगतच्या कच्च्या झोपड्यांत राहतात. आता कार्बोनेरास येथे समुद्राचे पाणी गोडे करून शेतीला पुरवले जाते, पण ते विहिरीच्या पाण्यापेक्षा महाग पडते.