डोक्याला ताप न देणारा, शहर वसवायचा गेम कोणता?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसातून आल्यावर तासभर निवांत खेळता येईल असा शहर वसवायचा गेम हवाय, सिटीज स्कायलाइन्स घेतला पण ट्रॅफिक आणि पैसे सांभाळताना जीव आणखीच दमतो, आणि लॅपटॉप साधा आहे.

उत्तराआधी माझी भानगड सांगते, म्हणजे माझी मतं कुठून आली ते कळेल. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. दिवसभर फोन चालू असतो. पाणी आलं नाही, आलं तर गढूळ आलं, गढूळ नव्हतं तर दाबच नव्हता. तीन वर्षांपूर्वी भाच्यानं मोठ्या हौसेनं लॅपटॉपवर हाच सिटीज स्कायलाइन्स टाकून दिला. म्हणाला, "मावशी, तुझ्या कामाचा आहे." होताच. पहिल्याच शहरात मी घाईघाईत सांडपाण्याचं तोंड नदीच्या वरच्या अंगाला काढलं आणि पिण्याच्या पाण्याचा पंप खालच्या अंगाला बसवला. खऱ्या आयुष्यात ज्या चुकीसाठी मी कुणालाही फाडून खाईन, ती मी घरी बसून केली. अख्खं गाव आजारी. घराघरावर चिन्हं लुकलुकायला लागली आणि रात्री साडेदहाला मी परत ड्युटीवर!

तेव्हापासून माझा शोध सुरू झाला. त्यात एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की थकवा घरं बांधण्याचा नसतो. थकवतात त्या तीन गोष्टी: पळणारं घड्याळ, रिकामी होणारी तिजोरी आणि तक्रार करणारी माणसं. यातलं तुम्हाला काय छळतं ते आधी ठरवा, कारण प्रत्येक गेम यातलं वेगळं काहीतरी काढून टाकतो. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की तुम्हाला तिजोरी छळतेय. मला माणसं छळत होती.

गंमत म्हणजे या प्रकाराचा उगमच बिनताणाचा आहे. विल राइट हे गेम बनवणारे गृहस्थ १९८४ साली आलेल्या एका हेलिकॉप्टरच्या गेमवर काम करत होते. त्यात बेटांवर बॉम्ब टाकायचे होते, पण त्यांना ती बेटं, रस्ते, इमारती मांडण्यातच जास्त मजा यायला लागली. त्यातून १९८९ मध्ये शहर वसवायचा सिमसिटी आला. मधल्या काळात प्रकाशक का-कू करत होते, कारण यात ना जिंकणं ना हरणं, मग हा गेम कसला?

आता मुद्द्यावर येते. तुम्ही आज रात्री काहीही विकत न घेता टाउनस्केपर उघडून बघा. ऑस्कर स्टोलबर्ग या स्वीडिश माणसानं तो बनवला, पूर्ण आवृत्ती २०२१ मध्ये आली, आणि त्याची छोटी आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते. समोर नुसता समुद्र असतो. पाण्यावर क्लिक केलं की 'डुब्' असा आवाज येऊन दगडी धक्का वर येतो. त्यावर परत क्लिक केलं की घर, आणखी एक क्लिक केलं की दुसरा मजला. एवढंच. पैसे नाहीत, वेळ नाही, काही मिळवायचं नाही, काही हरायचं नाही. आणि माणसंही नाहीत! कबुतरासारखे पक्षी येऊन छपरावर बसतात, त्यांना पाणी लागत नाही.

पण हा गेम नुसता रंगीत ठोकळ्यांचा असता तर मी दहा मिनिटांत कंटाळले असते. तुम्ही घर कुठे ठेवलं ते बघून बाकीचं तो स्वतः ठरवतो. चारी बाजूंनी घरं बांधून मध्ये जागा सोडली की तिथे हिरवळीचा चौक तयार होतो, आपल्याकडच्या वाड्यासारखा. घराखालचा मजला काढून टाकला तर वरचं घर खांबांवर उभं राहतं. जमिनीवरचं चौकटींचं जाळंही सरळ रेघांचं नाही, जरा वाकडंतिकडं आहे, त्यामुळे गल्ल्या आपोआप वळतात. माझ्यासारख्या, आयुष्यभर आलेखाच्या कागदावर नळाच्या रेघा मारणाऱ्या बाईला ते वळण बघूनच बरं वाटलं. आपलं गाव अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत कॉपी करता येतं. भाचा आणि मी ती ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतो. तो माझ्या गावात एक मनोरा घुसडून परत पाठवतो, मी तो पाडते.

याच जातीचा पण देखणा गेम म्हणजे २०२४ मध्ये आलेला टायनी ग्लेड. दोन माणसांच्या चमूनं केलाय. भिंत ओढायची, बुरूज उभारायचा, आणि भिंतीवरून पायवाट ओढली की तिथे आपोआप कमान तयार होते. दिवाळीत अंगणात किल्ला करायचो, आठवतं? माती कालवायची, अळीव पेरायचे, वाटलं तर बुरूज हलवायचा. किल्ला पूर्ण झाला असं कुणी जाहीर करायचं नाही, आई जेवायला हाक मारायची तेव्हा काम थांबायचं. टायनी ग्लेड थेट तसा आहे. फक्त त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर तो चालेल याची खात्री मी देणार नाही. त्याचा डेमो मिळत असेल तर आधी तो टाकून पाहा.

काहींना मात्र इतकं मोकळं रान सोसत नाही. माझ्या नवऱ्यानं टाउनस्केपर पाच मिनिटं खेळून विचारलं, "पण करायचं काय?" अशा लोकांसाठी डोर्फरोमांटिक. बर्लिनच्या चार विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा गेम २०२२ मध्ये पूर्ण झाला. षटकोनी फरशा एकापुढे एक मिळत जातात. कुणावर जंगल, कुणावर शेत, घरं, नदी, रेल्वे. जंगलाला जंगल, नदीला नदी जुळवत गाव पसरवत न्यायचं. फरशा संपल्या की डाव संपला, पण घड्याळ अजिबात नाही. एक फरशी हातात धरून चहा करून आलात तरी कुणी काही म्हणत नाही. 'या जंगलात अमुक झाडं करा' अशी छोटी कामं मिळतात, ती केली की फरशा वाढतात. तेही नको असेल तर क्रिएटिव्ह मोड घ्या, त्यात फरशा संपतच नाहीत. यावरून निघालेल्या बोर्ड गेमला २०२३ चा जर्मनीतला मानाचा 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला. म्हणजे पडद्याचा कंटाळा आला तर टेबलावरही मांडता येईल.

आयलँडर्स (२०१९) हा त्याचाच चुलतभाऊ समजा. बेटावर इमारती ठेवायच्या, शेजार जमला तर गुण. लाकूडतोड्याची झोपडी झाडांजवळ ठेवली की गुण वाढतात, भलत्या शेजारात ठेवली की कमी होतात. गुण आले की थोडी चुरस येतेच, म्हणून फार थकलेल्या दिवशी मी त्यातला सँडबॉक्स मोड, म्हणजे गुणांशिवायचा मोकळा खेळ, लावते.

तुम्हाला खरंच वाढणारं, चालतं-बोलतं गाव हवं असेल तर फाउंडेशन बघा. मध्ययुगीन खेडं आहे. यात रस्ते आखायचेच नसतात. गावकरी जिथून जास्त चालतात तिथे पायवाट पडते आणि ती हळूहळू रुंद होते. रस्ता आधी आणि माणसं नंतर हा आमच्या आराखड्यांचा क्रम. खरं गाव मात्र असंच वसतं. गावकऱ्यांच्या गरजा असतात, पण सगळं इतक्या संथ लयीत की धाप लागत नाही. किंग्डम्स अँड कॅसल्स हाही छान आहे. त्यात सुरुवातीलाच सर्वांत सोपी पातळी निवडली की व्हायकिंगांच्या धाडी नाहीत, ड्रॅगन नाहीत, नुसतं शेत पिकवा आणि हिवाळ्याचं धान्य साठवा.

आणि चित्रं बघून भुलू नका. बॅनिश्ड दिसायला गोजिरवाणं खेडं आहे, पण एका वाईट हिवाळ्यात निम्मं गाव उपाशी मरतं. फ्रॉस्टपंक तर मुलांना कामाला लावायचं का असले कायदे करायला लावतो. उत्तम गेम आहेत दोन्ही, पण रविवारी सकाळी, पोटभर पोहे खाऊन खेळायचे.

आता तुमचा घेतलेला सिटीज स्कायलाइन्स. तो टाकून देऊ नका. पहिल्या भागाच्या मुख्य मेनूत कंटेंट मॅनेजर आहे. त्यात मॉड्समध्ये, म्हणजे गेमचे नियम बदलणाऱ्या जोडण्यांच्या यादीत, जा. 'अमर्याद पैसे' आणि 'सगळं आधीच खुलं' असे दोन पर्याय कंपनीनंच दिलेले आहेत, बाहेरून काही उतरवायला नको. ते चालू केले की बक्षिसांचे बिल्ले मिळत नाहीत, पण ते कुणाला दाखवायचेत? काहीही बांधताना गेम थांबवून ठेवा. आणि एक युक्ती: अख्खी वस्ती एका दमात आखू नका. एकदम राहायला आलेली माणसं एकदमच म्हातारी होतात आणि एकदमच मरतात, मग शववाहिका पुरत नाहीत आणि तुम्हाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चार गल्ल्या आज, चार पुढच्या वर्षी. (आमच्याकडे नळाच्या लाइनींचंही हेच होतं. एका वर्षी टाकलेल्या सगळ्या एकाच पावसाळ्यात फुटायला लागतात.) ट्रॅफिक तरीही तुंबेल. त्याकडे दुर्लक्ष करायला शिकावं लागतं, आणि पैसे अमर्याद असले की ते जमतं. दुसऱ्या भागाच्या वाटेला मात्र साध्या लॅपटॉपवर जाऊ नका, त्याला तगडी मशीन लागते.

फोनवर खेळायचं असेल तर माझा एकच नियम आहे: फुकट मिळणाऱ्याला हात लावायचा नाही. 'कारखान्यात खिळे तयार व्हायला अमुक मिनिटं थांबा, नाहीतर हिरे विकत घ्या' हा तर ऑफिसपेक्षा वाईट छळ. त्यापेक्षा एकदा पैसे मोजून पॉकेट सिटी घ्या. त्यात ताटकळत ठेवणं नाही, जाहिराती नाहीत. टाउनस्केपरही फोनवर मिळतो, पण बोटानं नेमकं घर टिपणं माझ्या चाळिशीच्या चष्म्याला अवघड जातं. मिनी मेट्रो या मेट्रोच्या मार्गिका आखायच्या गेममध्ये मुंबईचा नकाशा आहे म्हणून अनेक जण तो सुचवतील. स्टेशनवर गर्दी साचली की डाव संपतो. रोज दादरला गाडी बदलणाऱ्यानं घरी येऊन तेच का बघावं? घ्यायचाच तर एंडलेस मोडमध्ये खेळा, तिथे डाव संपत नाही.

खरेदीचं म्हणाल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. पहिल्या संध्याकाळीच तासभर खेळून बघायचं. खेळताना खांदे वर चढलेले जाणवले की मी सरळ परत करते. असे दोन परत केलेत. आणि घाई नसेल तर यादीत टाकून ठेवा, सेलमध्ये यातल्या बऱ्याच गेमच्या किमती उतरतात.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: आज ब्राउझरमधला टाउनस्केपर, आवडला तर तोच विकत. 'करायचं काय' असा प्रश्न पडला तर डोर्फरोमांटिक. दोन्हीला साधा लॅपटॉप सहसा पुरतो.

माझं सध्याचं टाउनस्केपरचं गाव बरंच पसरलंय. मागच्या आठवड्यात भाचा बघत होता. म्हणाला, "मावशी, इतकी घरं झाली, चहूबाजूंनी समुद्र. यांना पिण्याचं पाणी कुठून येतं गं?" त्याला म्हटलं, गप बस, अजून कुणी फोन केलेला नाही.