थोमाला उगाच नावं ठेवू नकोस

अरे, बाप्तिस्मा घेऊन सहा महिने पण झाले नाहीत आणि "मला काहीच जाणवत नाही" म्हणून टेन्शन घेतोयस, तर आधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय काढ आणि 24 व्या वचनापासून सावकाश वाच. येशूचा शिष्य थोमा म्हणाला, येशू मेलेल्यांतून उठलाय यावर त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय विश्वास ठेवणारच नाही, पण बाकीच्या शिष्यांनी त्याला हाकलला का? नाही ना, आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता, दारं बंद होती आणि येशू आला. आणि थोमाने बोट लावलं असं कुठे लिहिलेलंच नाही हां, "माझा प्रभू, माझा देव" एवढंच बोलला तो. न बघता विश्वास ठेवणारे धन्य, हे वाक्य तिथलंच, म्हणजे तुझ्यामाझ्यासाठीच म्हण ना.

म्हणून उपासना चुकवू नकोस, शंका असली तरी जा. पाळकसाहेबांना सरळ विचार, कोणी शंका म्हणजे पाप वगैरे म्हणालं तर फार मनावर घेऊ नको, मला तर ते पटतच नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला, पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं गेली असं त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि एवढ्या विद्वान बाई त्या!

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर मार्क 9:24 मधल्या, मुलाला बरं कर म्हणून येशूकडे आलेल्या त्या बापाचंच म्हण, विश्वास आहे, अविश्वास घालव. रोज झोपताना, बस.