मोठ्या टेक कंपन्या अमेरिकेत लॉबिंगवर करोडो डॉलर घालतात, ते जातात कुणाच्या खिशात? लाचच ना ती?

तुम्ही विचारलंय की मेटाने (फेसबुकवाली कंपनी) २०२४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे लॉबिंग करण्यावर, म्हणजे कायदे आपल्या बाजूने व्हावेत म्हणून पाठपुरावा करण्यावर, २ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास खर्च केला, तर त्यातले खासदारांना किती पोचले. त्या आकड्यातलं खासदाराला काहीही पोचत नाही. एवढं सांगून थांबले असते, पण असाच आकडा मी स्वतः साडेतीन वर्षं जुळवलाय, आणि मिरजेचे आमचे भाऊजी (थोरले दीर, निवृत्त झालेत, वेळ भरपूर) आजही मला 'लाचेची हिशेबनीस' म्हणतात. त्यामुळे जरा लांबेल.

नवरा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर. २०१५ पासून आमच्यासारख्या काही बायकांना काम करायची परवानगी मिळायला लागली आणि माझी एम.कॉम. कामी आली. २०१८ मध्ये वॉशिंग्टनला एका टेक कंपनीच्या ऑफिसात लागले. नाव सांगणार नाही. काम एकच: तिमाही संपली की वीस दिवसांच्या आत एलडी-२ हा लॉबिंगच्या खर्चाचा फॉर्म संसदेकडे गेला पाहिजे. १९९५चा कायदा आहे तसा.

मग मी प्रत्येकाच्या मागे लागायची. या तीन महिन्यांत कुणाशी बोललात, किती तास गेले? एक साहेब दर वेळी 'साधारण वीस टक्के' एवढंच लिहून पाठवायचे, रजेवर असले तरी. त्या तासांच्या हिशेबाने त्यांचा पगार, जागेच्या भाड्याचा वाटा, बाहेरच्या लॉबिंग फर्मची फी, उद्योग संघटनेच्या वर्गणीतला लॉबिंगचा हिस्सा, अशी सगळी बेरीज करायची आणि जवळच्या दहा हजार डॉलरवर आणून ठेवायची. तुम्ही बातमीत वाचता तो आकडा हा. म्हणजे बहुतेक पगार आणि फी. पूर्वी कुठल्यातरी सिनेटरच्या ऑफिसात दहा-दहा वर्षं काढलेल्या, कोणाला कधी फोन करायचा हे ठाऊक असलेल्या माणसांची. आपल्याकडे 'शब्द टाकणं' म्हणतात ना, तेच, फक्त मस्टर भरून.

आणि जेवणाचं म्हणाल, तर २००७ नंतर नियम इतके कडक झाले की लॉबिस्टने खासदाराला बसवून जेवू घालणं बंद. समारंभात उभ्याने, टूथपिकला टोचून खाण्याइतपत चालतं. आमच्या एका कार्यक्रमात केटररने काटे-चमचे मांडले, तर नियम सांभाळणाऱ्या बाईंनी धावत जाऊन ते उचलायला लावले. मी लग्नातल्या पंगती बघत मोठी झालेली, मला हसू आवरेना.

फॉर्मवर विषयांचे कोड असतात. कराला टॅक्स, स्थलांतराला आयएमएम, तसे. प्रत्येकाखाली चौकट, तिथे विधेयकाचा नंबर लिहायचा. ऑक्टोबर २०१९च्या फॉर्ममध्ये आयएमएमखाली मी एस. ३८६ टाइप केलं आणि दोन मिनिटं नुसती बघत बसले. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्के. ती मर्यादा काढायचं विधेयक ते. म्हणजे माझा नवरा ग्रीन कार्डासाठी ज्या रांगेत उभा आहे, तिचं. खालच्या सभागृहात त्याची जोडी ३६५ विरुद्ध ६५ने जुलैतच पास झाली होती. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, कुणी ना कुणी हरकत घ्यायचं आणि गाडी अडायची. अखेर २ डिसेंबर २०२० ला तिथेही पास झालं, पण मजकूर बदलून. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत ३ जानेवारीला संसदेची मुदतच संपली. जानेवारीत फॉर्म भरताना विधेयक मेलेलं होतं, तरी नंबर लिहावा लागला, कारण त्या तिमाहीत त्यावर बोलणी झाली होती.

ही लाच असती तर काम झालं असतं, भाऊजी.

भाऊजींचं मूळ दुखणं डिसेंबर २०१२चं. वॉलमार्टने अमेरिकेत लॉबिंगचा खर्च जाहीर केला, त्यात भारतातल्या गुंतवणुकीचा उल्लेख निघाला, आपल्या संसदेत गोंधळ झाला, सरकारने न्यायमूर्ती मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. तेव्हा मी मिरजेतच होते. पेपरात आलेले सव्वाशे कोटी रुपये भाऊजींनी चहा पिता पिता दिल्लीतल्या मंत्र्यांना वाटूनसुद्धा टाकले. अहो, तो २००८ पासूनचा, सगळ्या विषयांचा मिळून आकडा, आणि भारत त्यातली एक ओळ! फॉर्मवर विषयवार रक्कम लिहायची सोयच नाही. बेरीज एक, विषय चाळीस. माझ्या एस. ३८६वर किती डॉलर पडले, हे फॉर्म भरणाऱ्या मलाही सांगता आलं नसतं. त्यावर त्यांचं म्हणणं, "तुमच्याकडं पावती देतात, आमच्याकडं देत नाहीत, एवढाच फरक."

आता कंपन्या एवढा खर्च कशासाठी करतात, हेही विचारलंय तुम्ही. न केल्याचे चटके बसलेत म्हणून. मायक्रोसॉफ्ट वॉशिंग्टनकडे ढुंकून बघत नसे, १९९८ मध्ये सरकारने मक्तेदारीचा खटला भरल्यावर जागी झाली. गूगलचा खर्च २००३ मध्ये ८० हजार डॉलर होता, २०१८ मध्ये २ कोटी १० लाखांच्या वर. आणि रक्कम तरी केवढी? मेटाची २०२४ची कमाई १६४ अब्ज डॉलर. शंभर डॉलरमागे दीड सेंट पडतो.

एक मात्र कबूल करते, भाऊजी वाचत असतील तरी. या आकड्यात सगळं येत नाही. सुपर पॅकचे (निवडणुकीत प्रचारावर खर्च करणाऱ्या स्वतंत्र गटांचे) पैसे, टीव्हीवरच्या जाहिराती, अभ्यास संस्थांना दिलेल्या देणग्या, राज्यांच्या राजधान्यांतलं लॉबिंग, सगळं बाहेर. एका गिऱ्हाइकासाठीच्या कामातला वीस टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला दिला तर नोंदणीच लागत नाही, म्हणून माजी खासदार 'सल्लागार' होऊन बसतात. सिनेटर पायउतार झाला की दोन वर्षं लॉबिंग करायचं नाही, खालच्या सभागृहाचा असेल तर एक. त्यानंतरच्या नोकरीवर डोळा ठेवून आज कोण कुणाचा फोन उचलतो, ते एलडी-२मध्ये कुठून दिसणार? घाण शोधायची तर तिथे शोधा.

बाकी फॉर्म सिनेटच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात. आकडा सोडा, चौकटी वाचा. आणि भारतात असा एकही फॉर्म नाही, लॉबिंगचा कायदाच नाही, हे भाऊजींना कुणीतरी माझ्यावतीने सांगा. माझं ते ऐकत नाहीत, आणि नवरा 'दादाशी मी वाद घालत नाही' म्हणून मोकळा. त्याचा नंबर अजून लागलेला नाही.