गणपतीत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचंय आणि सोसायटीत खोकला पसरलाय, सेव्हन-इन-वन लस पुरेशी आहे का?

तुम्ही लिहिलंय की गणपतीला सगळे मालवणला जाणार, पग बोर्डिंगमध्ये राहणार, सोसायटीतले दोन कुत्रे खोकतायत आणि सेव्हन-इन-वन, म्हणजे कुत्र्यांना दरवर्षी टोचतात ती एकत्रित लस, तुम्ही वेळेवर देता. थोडक्यात सांगायचं तर ती हवीच, पण बोर्डिंगसाठी तेवढ्यावर भागत नाही.

सेव्हन-इन-वनमध्ये डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूंवरच्या लसी असतात, म्हणजे खोकल्याच्या टोळीतले तिघं त्यात आले. पण केनल कफमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यात, ज्याचं नाव सर्वांत जास्त निघतं तो बोर्डेटेला हा जिवाणू, आणि तो नेमका त्यात नसतो. त्याची लस वेगळी मागून घ्यावी लागते. घर आणि गल्ली एवढंच जग असलेल्या कुत्र्याला तिची फारशी गरज नसते, त्यामुळे डॉक्टरही आपणहून विषय काढतीलच असं नाही.

ही लस दोन प्रकारांत येते. टोचायची असेल तर पहिल्यांदा दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल तर नाकात सोडायची विचारा. तिचा बोर्डेटेलावर असर साधारण तीन दिवसांत सुरू होतो, पॅराइन्फ्लुएन्झासाठी मात्र तीन आठवडे जावे लागतात. डॉक्टर सिरिंजची सुई काढून टाकतात, तोंड वर धरतात आणि एका नाकपुडीत अर्ध्या मिलिलीटरहून कमी औषध सोडतात. पगचं नाक बसकं, त्यात तो अंग चोरून मागे सरकणार. तेव्हा घरातल्या ज्याचं तो ऐकतो त्यालाच सोबत न्या. लगेच दोन-चार शिंका येतील, जीभ नाकावर फिरेल. पुढचे काही दिवस किंचित खोकला किंवा नाक गळणं होऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशी लस आणि दुसऱ्या दिवशी बोर्डिंग असं करू नका. अँटिबायोटिक चालू असेल तर तेही आधी सांगा. नाकातल्या लसीत जिवंत जिवाणू असतात, गोळ्यांनी तेच मरायचे.

आता बोर्डिंग. लस घेऊनही खोकला होऊ शकतो, फक्त तो सहसा हलका जातो. त्यामुळे जागा कशी आहे याला मी लसीइतकंच महत्त्व देते. बुकिंगआधी स्वतः जाऊन बघा. आत शिरताच लघवीचा भपका आला तर हवा खेळत नाही हे समजून घ्या. पावसाळ्यात खिडक्या बंद करून एसीत वीस कुत्रे कोंडले की एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक बघता का, खोकणाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवता का, पाण्याची भांडी सामाईक आहेत का, हे विचारा. "आमच्याकडे कोणी आजारीच पडत नाही" असं उत्तर आलं तर मी तरी तिथे ठेवणार नाही. आणि खरं सांगू? पग असेल तर ओळखीचं कोणी घरी येऊन राहू शकतं का ते आधी बघा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना साधा खोकलाही जड जातो.

सोसायटीतल्या त्या दोघांपासून सध्या लांबच राहा. लिफ्टमध्ये ते असतील तर पुढची घ्या. त्यांचे लाड करून आलात तर हात धुऊन मगच घरच्याला जवळ घ्या. खोकला थांबला म्हणजे संसर्ग संपला असंही नाही, बोर्डेटेला बरं झाल्यावरही कित्येक आठवडे बाहेर पडत राहू शकतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पालिकेच्या मोहिमेत रेबीजची लस मिळते, डिस्टेंपरची नाही. त्यामुळे खाली एखादं पिल्लू डोळ्यांत चिपडं आणि नाकात शेंबूड घेऊन फिरत असेल तर त्याला खायला जरूर घाला, पण तुमच्या कुत्र्याला त्याचं नाक हुंगू देऊ नका.

केनल कफ ओळखणं सोपं आहे. कोरडा, भोंग्यासारखा खोकला, शेवटी उबळ आणि थोडा पांढरा फेस. घरच्यांना हमखास वाटतं, घशात हाड अडकलं. बाकी कुत्रा खातो-खेळतो आणि एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. तोवर गळ्यात पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, घरात धूप-अगरबत्ती नको, इतर कुत्र्यांशी भेट नको. खाणं सुटलं, ताप आला, नाकातून पिवळा-हिरवा स्राव यायला लागला किंवा गाढ झोपेतही मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास मोजले गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दवाखान्यात मात्र थेट प्रतीक्षेच्या बाकावर जाऊन बसू नका. आधी फोन करून खोकल्याचं सांगा आणि बोलावेपर्यंत बाहेर थांबा. घरातलं कफ सिरप, पॅरासिटामोल, ब्रुफेन काहीही देऊ नका. ब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मालवणहून आल्यावर पगला घरी आणाल तेव्हा पुढचे दोन आठवडे त्याला बागेतल्या दोस्तांपासून लांब ठेवा. लागण झालेली असेल तर खोकला बहुधा तेवढ्या काळात दिसतो. आणि दिसलाच, तर बोर्डिंगवाल्यांना लगेच कळवा, म्हणजे त्यांना बाकीच्या मालकांना सावध करता येईल.