कपॅसिटरच्या पट्ट्यांमधला इलेक्ट्रॉन
पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) आणलेला कपॅसिटर चार्ज केला की इलेक्ट्रॉन एका पट्टीवरून दुसरीवर उड्या मारतात, ही समजूत आधी डोक्यातून काढ. मधल्या डायलेक्ट्रिकमधून, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या थरातून, ते पलीकडे जात नाहीत. बॅटरी त्यांना बाहेरच्या तारेतून फिरवून नेते.

आता मध्ये निर्वात पोकळी आहे असं धर. अंतर १ सेंमी, विभवांतर १०० व्होल्ट. ऋण पट्टीपाशी अलगद सोडलेला इलेक्ट्रॉन धन पट्टीकडे, म्हणजे विद्युत क्षेत्राच्या बाणाच्या उलट निघतो. चिन्हाचा घोळ हमखास इथेच होतो, म्हणून आकृती काढल्याशिवाय सूत्राला हात लावू नकोस. बल सगळीकडे सारखं, त्यामुळे वेग एकसारखा वाढत जातो आणि आदळताना सेकंदाला सुमारे ५,९०० किलोमीटर होतो. व्होल्टेज तेच ठेवून अंतर दुप्पट कर: वेळ दुप्पट लागतो, पण शेवटचा वेग तोच! हे गणित स्वतः करून बघच, फार सुंदर आहे. पट्ट्यांना समांतर वेग देऊन आडवा सोडलास तर वाट अन्वस्त (पॅराबोला) होते. जुन्या सीआरओत, म्हणजे विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणात, ठिपका असाच वळवतात.

आणि एसएमपीएसमधला (कॉम्प्युटरसारख्या उपकरणांच्या वीजपुरवठा डब्यातला) मोठा कपॅसिटर हाताळणार असशील, तर आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज कर. मल्टिमीटर शून्याजवळ आल्याशिवाय त्याच्या पायांना बोट लावायचं नाही.